नॉक्स एन्झाइम्सच्या गॉर्डन परिषदेला जायचंय? तयारी लॅबमधूनच सुरू करा

फ्री रॅडिकल म्हटलं की आपल्याकडे लगेच आवळा, ग्रीन टी आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या निघतात. जणू ही रसायनं म्हणजे शरीरात चुकून साठलेला कचरा. पण एनएडीपीएच ऑक्सिडेझ, म्हणजे नॉक्स, या एन्झाइम कुटुंबाचं कामच मुळी ही रसायनं बनवणं हे आहे. माणसात या कुटुंबाचे सात सदस्य आहेत: नॉक्स १ ते ५ आणि ड्युऑक्स १ व २. त्यांच्यावर काम करणारी मंडळी साधारण वर्षाआड ‘नॉक्स फॅमिली एनएडीपीएच ऑक्सिडेझेस’ या गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सला, म्हणजे जीआरसीला, जमतात.

पुणे-मुंबईतल्या किंवा परदेशातल्या लॅबमध्ये पीएचडी, पोस्टडॉक करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हा लेख आहे. व्हिसा, तिकीट, पोस्टर हे सगळं पुढे येईलच. पण या परिषदेत तुमची खरी परीक्षा एकाच प्रश्नावर होते: हा सिग्नल नॉक्सचाच आहे कशावरून? त्याचं उत्तर विमानात बसल्यावर तयार होत नाही. म्हणून या लेखाचा सर्वांत मोठा भाग प्रयोगांवर आहे आणि तसाच तो हवा.

पायरी १ : ही परिषद आपल्यासाठी आहे का?

तुमच्या कामात उंदरांना औषध दिलं, यकृत काढलं, किटवर एमडीए, एसओडी असे ऑक्सिडेशनचे ठरावीक निर्देशक मोजले, ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी झाला’ असं लिहिलं, इतकंच असेल तर ही परिषद तुमची नव्हे. त्यापेक्षा सोसायटी फॉर फ्री रॅडिकल रिसर्च-इंडियाची परिषद बघा. तिथे बीएआरसीपासून औषधनिर्माण महाविद्यालयांपर्यंत सगळे येतात, खर्च कमी आणि तुमच्या कामावर बोलणारे लोक जास्त. नॉक्सच्या परिषदेत कोणतं एन्झाइम, पेशीत कुठे, कशाने चालू होतं आणि बाहेर नेमकं काय टाकतं, यावर बोलणं चालतं.

जाण्यापूर्वी विषयाचा इतिहास एवढा तरी डोक्यात असावा. १९३३ साली बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांना दिसलं की जंतू गिळताना पांढऱ्या पेशी जास्तीचा ऑक्सिजन ओढतात. तो ऊर्जेसाठी लागत असावा असंच तेव्हा धरलं गेलं. पन्नाशीच्या दशकात वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या मुलग्यांचा एक आजार नोंदला गेला. तोच आजचा क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज, सीजीडी. १९७३ मध्ये बॅबियर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशी सुपरऑक्साइड (एक जादा इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन) बनवतात, आणि १९८६ मध्ये एक्स गुणसूत्रावरचं सीजीडीचं जनुक सापडलं. त्यातून तयार होणारं प्रथिन म्हणजे आजचं नॉक्स २. पुढे १९९९ मध्ये लॅम्बेथ यांच्या गटाने नॉक्स १ शोधलं आणि जंतूंशी लढण्याशी संबंध नसलेल्या पेशीही मुद्दाम सुपरऑक्साइड बनवतात हे पुढे आलं. ‘फेगोसाइट ऑक्सिडेझ’, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींचं ऑक्सिडेझ, म्हणायचे दिवस तिथे संपले.

आपल्याकडे हा विषय पुस्तकी नाही. बीसीजीची लस बाळाला जन्मतःच टोचली जाते आणि सीजीडी असलेल्या बाळाला त्या लशीतल्या जिवंत जंतूचाच त्रास होऊ शकतो. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या आजाराचं निदान आणि संशोधन चालतं. तुमचं काम रुग्णांच्या नमुन्यांवर असेल तर संकोच करू नका. उंदरांचा डेटा आणणारे परिषदेत पुष्कळ असतात, रुग्णांचा आणणारे मोजके.

पायरी २ : कंट्रोल आधी, अ‍ॅबस्ट्रॅक्ट नंतर

परिषदेच्या किमान आठ-नऊ महिने आधी आपले आलेख भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: काय मोजलं, आणि ते नॉक्सचं आहे हे कशावरून. दुसरी ओळ रिकामी राहिली तर तो प्रयोग पुन्हा करायचा आहे.

सर्वांत जास्त घोटाळा प्रोबमध्ये, म्हणजे ही रसायनं दाखवणाऱ्या रंगद्रव्यात, असतो. डीसीएफएच-डीए हे असं रंगद्रव्य आपल्या जवळपास प्रत्येक लॅबच्या फ्रीजमध्ये सापडतं, कारण स्वस्त आहे आणि हिरवा रंग सुरेख येतो. पण हायड्रोजन पेरॉक्साइडशी ते थेट अभिक्रिया करत नाही. मध्ये पेरॉक्सिडेझ, लोह किंवा सायटोक्रोम सी लागतं. त्यातून पेशी मरायला लागली आणि मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडलं की आरओएस (ऑक्सिजनची ही अभिक्रियाशील रसायनं) वाढलेलं नसतानाही हिरवा रंग वाढतो. शिवाय या प्रोबचा मधला रॅडिकल ऑक्सिजनशी भिडून स्वतःच सुपरऑक्साइड तयार करतो. नुसत्या या प्रोबवर उभं असलेलं पोस्टर घेऊन या परिषदेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ल्युसिजेनिन या उजेड देणाऱ्या प्रोबची गोष्ट याहून बोलकी आहे. पेशींचे पडदे वेगळे काढायचे, त्यात एनएडीपीएच घालायचं, ल्युसिजेनिनचा उजेड मोजायचा आणि त्याला ‘नॉक्स अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणायचं, असे शेकडो पेपर निघाले. मग २०१६ मध्ये नॉक्स १, २ आणि ४ तिन्ही नसलेल्या उंदरांच्या ऊतींवर हाच प्रयोग झाला, आणि सिग्नल जसाच्या तसा आला. एन्झाइमच नाही, तरी त्याची ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ हजर! या परिषदेला येणाऱ्या बहुतेकांना हा निकाल तोंडपाठ असतो, तेव्हा तुमच्या आलेखावर ल्युसिजेनिन दिसलं की पुढचा प्रश्न काय येणार हे सांगायला नको.

मग वापरायचं काय? तुमचं एन्झाइम काय बाहेर टाकतं त्यावर ते ठरतं. नॉक्स २ पेशीतल्या एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेतं, एफएडी आणि दोन हीममधून पडद्यापलीकडे नेतं आणि तिथल्या ऑक्सिजनला देतं. म्हणजे सुपरऑक्साइड पेशीबाहेर किंवा फॅगोसोमच्या, म्हणजे गिळलेल्या जंतूभोवतीच्या पिशवीच्या, आत तयार होतं. त्यासाठी जुनं, साधं सायटोक्रोम सी रिडक्शन आजही उत्तम आहे, अट एकच: अर्ध्या नळ्यांमध्ये एसओडी, म्हणजे सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम, घातलेलं हवं. एसओडी घातल्यावर जेवढा सिग्नल जातो तेवढाच सुपरऑक्साइडचा.

एक उदाहरण करून बघा. दहा लाख पेशी, एक मिलिलिटर, एक सेंटिमीटरची क्युव्हेट. ५५० नॅनोमीटरवर पाच मिनिटांत शोषण ०.२५० ने वाढलं. एसओडी असलेल्या नळीत ०.०३९ ने. फरक ०.२११. मिलिमोलर गुणांक २१.१, म्हणजे ०.०१० मिलिमोलर, म्हणजे त्या एका मिलिलिटरमध्ये १० नॅनोमोल. पाच मिनिटांनी भागलं की उत्तर येतं: दर मिनिटाला दर दहा लाख पेशींमागे २ नॅनोमोल. पोस्टरवर हा आकडा टाका. ‘कंट्रोलच्या ३.४ पट’ यापेक्षा त्याला कितीतरी जास्त मान आहे, कारण समोरचा माणूस तो स्वतःच्या आकड्याशी ताडून बघू शकतो. मात्र हाच प्रयोग ९६ खणांच्या प्लेटमध्ये केला असेल तर प्रकाशाचा मार्ग एक सेंटिमीटर नसतो. ती दुरुस्ती राहिली की आकडा निम्म्याच्या आसपास येतो.

नॉक्स ४ चं गणित निराळं. ते बहुतांशी हायड्रोजन पेरॉक्साइडच सोडतं आणि कायम चालू असतं, त्यामुळे पीएमए हे पेशी उत्तेजित करणारं रसायन घालून ते ‘चालू’ करण्यात अर्थ नाही. इथे अँप्लेक्स रेड हा प्रोब आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझ चालतं, सोबत कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातलेला कंट्रोल. प्लेट अंधारात ठेवा, कारण हा रंग उजेडानेही चढतो. पेशीच्या आतलं सुपरऑक्साइड दाखवायचं असेल तर डीएचई हा प्रोब वापरून नुसता लाल फोटो पुरत नाही. सुपरऑक्साइडमुळे होणारं २-हायड्रॉक्सीइथिडियम आणि इतर कारणांनी होणारं इथिडियम दोन्ही लालच दिसतात, ते एचपीएलसी या, मिश्रणातले घटक सुटे करणाऱ्या, यंत्रावरच वेगळे होतात. तुमच्याकडे एचपीएलसी नसेल तर शेजारच्या रसायनशास्त्र विभागात असतंच. गोड बोलून एक दिवस मागून घ्या.

आता इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारी संयुगं. डीपीआय फ्लेविन असलेल्या पुष्कळ एन्झाइम्सना मारतं, त्यात मायटोकाँड्रियाचा कॉम्प्लेक्स १ आणि नायट्रिक ऑक्साइड सिंथेझही आले. अपोसायनिनचा उल्लेख आपण जास्तच अभिमानाने करतो, कारण ते आपल्या हिमालयातल्या कुटकीत सापडतं. आरोग्यवर्धिनीच्या गोळ्यांत असते तीच ही कुटकी. पण अपोसायनिनला काम करायला आधी मायलोपेरॉक्सिडेझ हे एन्झाइम लागतं. ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये भरपूर असतं. रक्तवाहिनीच्या पेशीत अपोसायनिन बरंचसं साध्या अँटिऑक्सिडंटसारखं वागतं. तेव्हा ‘डीपीआय आणि अपोसायनिनने सिग्नल कमी झाला, सबब नॉक्स’ हे वाक्य खोडून टाका. जनुक काढून दाखवा: नॉकआउट, क्रिस्पर, नाहीतर निदान जनुक दाबणारे दोन वेगळे एसआयआरएनए. आणि जमलं तर एन्झाइम परत घालून सिग्नल परत येतो हेही दाखवा.

अँटिबॉडीचंही तेच. नॉक्स ४ आणि नॉक्स १ च्या बाजारातल्या अनेक अँटिबॉडी नॉकआउट ऊतीतही ठळक पट्टा देतात. वेस्टर्न ब्लॉटच्या शेवटच्या खणात नॉकआउटचा नमुना नसेल, तर ब्लॉट दाखवूच नका; क्यूपीसीआर (जनुकाच्या आरएनएची मोजणी) दाखवा.

पुढच्या दोन-तीन गोष्टी चुकल्या तर हसू होतं. नॉक्स ५ उंदरात आणि रॅटमध्ये नसतंच, त्यामुळे ‘उंदराच्या महाधमनीत नॉक्स ५ वाढलं’ हा निष्कर्ष तिथे जिवंत राहत नाही. नॉक्स १ ते ४ ला पी२२फॉक्स हा जोडीदार लागतो, नॉक्स ५ आणि ड्युऑक्सला लागत नाही. पी४७फॉक्स या नॉक्स २ च्या सहायक प्रथिनाच्या नॉकआउटने नॉक्स ४ बंद होत नाही. रुग्णांवर सीजीडीच्या निदानासाठी डीएचआर चाचणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की मायलोपेरॉक्सिडेझची जन्मजात कमतरता असली तरी ती चाचणी सीजीडीसारखी दिसू शकते.

पायरी ३ : अ‍ॅबस्ट्रॅक्ट

आपली लिहायची सवय अशी: ‘क्ष या संयुगाने मॅक्रोफेजमधील आरओएस लक्षणीयरीत्या कमी झाले, यावरून ते नॉक्स मार्गावर कार्य करते असे सूचित होते.’ यात कोणतं आरओएस, कोणतं नॉक्स, कशाने मोजलं, यातलं काहीच नाही. तेच असं लिहा: ‘पीएमए दिलेल्या उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये एसओडीने थांबणारं सायटोक्रोम सी रिडक्शन क्ष मुळे निम्म्यावर आलं. नॉक्स २ नसलेल्या पेशींत मुळातच सिग्नल नव्हता. झँथिन ऑक्सिडेझने तयार केलेल्या सुपरऑक्साइडवर क्ष चा परिणाम झाला नाही.’ तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण तिथे सुपरऑक्साइड नॉक्सने नव्हे, वेगळ्याच एन्झाइमने बनवलेलं आहे. क्ष सुपरऑक्साइड नुसतं शोषून घेत नाही, प्रोबच्या आड येत नाही, हे त्यातून कळतं. संयुगं, काढे, अर्क यांच्यावर काम करणाऱ्या आपल्या लॅबनी तर हा प्रयोग कधीच सोडू नये.

पायरी ४ : अर्ज, पैसे, व्हिसा

जीआरसीला फी भरली की झालं असं नसतं. आधी अर्ज, मग परिषदेचे अध्यक्ष तो पाहतात, मग प्रवेश. जीआरसीच्या आधीच्या शनिवार-रविवारी बहुधा गॉर्डन रिसर्च सेमिनार असतो, फक्त विद्यार्थी आणि पोस्टडॉकसाठी. त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी. तिथलं व्याख्यान आलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमधूनच निवडतात आणि त्यासाठीची मुदत बरीच आधी, साधारण तीन महिन्यांवर असते. माझं ऐकाल तर दोन्हीला अर्ज करा. शनिवारी ओळख झालेली पाच-सहा पोरं पुढे आठवडाभर तुमची मंडळी होतात.

फीचा आकडा पाहून डोळे पांढरे होतात, पण त्यात राहणं आणि तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा. अध्यक्षांच्या हातात फी-सवलतीसाठी थोडेफार पैसे असतात; अर्जानंतर एक छोटी, सरळ ईमेल पाठवून विचारायला काहीच हरकत नाही.

भारतातून जाणाऱ्यांना प्रवासखर्चासाठी एएनआरएफ (पूर्वीचं सर्ब), सीएसआयआर, आयसीएमआर आणि डीबीटी या सरकारी संस्थांच्या योजना आहेत. प्रत्येकाची मुदत आणि कागदपत्रं वेगळी, आणि जवळपास सगळ्यांना स्वीकृतीचं पत्र लागतं. म्हणूनच जीआरसीचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सरकारी पैशातून विमानाचं तिकीट काढायचं तर ते बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावं लागतं. दुसऱ्या साइटवर चार हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं तिकीट पुढे लेखा विभागात अडकून बसतं.

परिषद अमेरिकेत असेल तर बी१/बी२ व्हिसा, डीएस-१६० फॉर्म आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. तारखा कधीकधी कित्येक महिन्यांनंतरच्या मिळतात, म्हणून स्वीकृतीची वाट न पाहता तारीख धरून ठेवलेली बरी. मुलाखतीत ‘आय वर्क ऑन रिअ‍ॅक्टिव्ह स्पीशीज’ म्हणण्यापेक्षा ‘पांढऱ्या पेशी जंतू कसे मारतात’ हे दोन वाक्यांत सांगा. स्वित्झर्लंडसारख्या शेंगेन देशात असेल तर अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो आणि ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

पायरी ५ : पोस्टर

बोर्डाचं माप संकेतस्थळावर बघून मगच छापा. कापडावर छापलेलं पोस्टर घडी करून बॅगेत राहतं, नळकांडं सांभाळत बसावं लागत नाही. मजकूर अर्धा करा. डाव्या वरच्या कोपऱ्यात प्रश्न, उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘अजून जमलेलं नाही’ असा एक चौकोन. आपल्याकडे हा चौकोन कुणी ठेवत नाही, व्हायव्हाची भीती! पण तिथे लोक त्याच चौकोनापाशी थांबतात, कारण मदत करायला तिथेच वाव असतो.

पोस्टरसमोर संवाद साधारण असा होतो. समोरचा माणूस आलेखाकडे बोट दाखवतो, ‘विच प्रोब?’ तुम्ही सांगता. ‘विथ एसओडी?’ तुम्ही दुसरा स्तंभ दाखवता. ‘नॉकआउट?’ तुम्ही तिसरा दाखवता. तिथे त्याचा चेहरा बदलतो आणि मग खरी चर्चा सुरू होते. हे तीन प्रश्न मित्राला विचारायला लावून इंग्रजीत उत्तरं मोठ्याने म्हणून बघा, प्रत्येकी वीस सेकंदांत. मूळ आकडे, कॅलिब्रेशन कर्व्ह आणि न कापलेले ब्लॉट टॅबवर जवळ ठेवा.

पायरी ६ : तिथे गेल्यावर

सकाळी आणि रात्री व्याख्यानं, दुपार मोकळी, संध्याकाळकडे पोस्टर. दुपार मोकळी ठेवलेली आहे ती खोलीत झोपण्यासाठी नव्हे. जेट लॅगने डोळे मिटत असले तरी फिरायला जाणाऱ्या घोळक्यात घुसा. ज्यांचे पेपर तुम्ही तीन वर्षं वाचताय ते चढणीवर तुमच्याइतकेच धापा टाकत असतात. जेवणाच्या टेबलावर भारतीय मंडळी शोधून रोज त्यांच्यातच बसायचा मोह आवरा. ‘सर’, ‘मॅडम’ची तिथे पद्धत नाही, पहिल्या नावाने हाक मारायला जीभ अडखळते, दुसऱ्या दिवशी सवय होते.

एक नियम कडक आहे: व्याख्यानाचे वा पोस्टरचे फोटो नाहीत, रेकॉर्डिंग नाही. ऐकलेलं अप्रकाशित काम ही खाजगी माहिती धरली जाते, ती पेपरात किंवा प्रबंधात उद्धृत करता येत नाही. समाजमाध्यमावरही टाकू नका. या नियमामुळेच लोक फसलेले प्रयोगसुद्धा मोकळेपणाने सांगतात, आणि नॉक्सच्या क्षेत्रात फसलेल्या इनहिबिटरची माहिती छापलेल्या यशोगाथांइतकीच उपयोगी आहे. वहीत हाताने लिहा. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्यातली एक ओळ निवडून गाइडला पाठवा: ‘हा प्रयोग परत आल्याबरोबर करायचा.’

प्रश्न विचारायचा तर पहिल्या दिवशीच विचारा. उशीर केला की भीती वाढते. ‘तुम्ही हे नॉकआउटमध्ये केलंय का’ हा प्रश्न कुणालाही, कधीही विचारता येतो आणि तो कधी वाया जात नाही.

पायरी ७ : परतल्यावर

ज्यांनी प्लाझ्मिड, पेशी किंवा उंदीर द्यायचं कबूल केलं त्यांना आठवड्याच्या आत ईमेल करा, संभाषणाची एक खूण देऊन. प्लाझ्मिड सहज येतं. जिवंत उंदीर आणायचे तर एमटीए (सामग्री-हस्तांतराचा करार), संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी, आयातीचा परवाना आणि विलगीकरण एवढं सगळं आलं. पीएचडीचं चौथं वर्ष चालू असेल तर त्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी अस्थिमज्जेच्या गोठवलेल्या पेशी मिळतात का विचारा, किंवा आपले नमुने घेऊन महिनाभर त्यांच्याच लॅबमध्ये जाता येईल का ते बघा.

आणि बोर्डिंग पास फेकू नका. जातानाचे, येतानाचे, मधल्या विमानाचेही. मोबाइलवरचा पास प्रवास संपल्यावर अ‍ॅपमधून नाहीसा होतो, म्हणून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. हजेरीचं प्रमाणपत्र परिषदेतच मागून घ्या आणि पोहोचल्याच्या आठवड्यात बिलं लेखा विभागात टाका. मार्च जवळ आला असेल तर त्याच दिवशी.